गाळलेली नावं

गेल्या शनिवार-रविवारी गावी जाऊन आलो. गावी म्हणजे इस्लापूरला. पुण्यात हे नाव सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे कुठं आलं?" नांदेड जिल्हा, किनवट तालुका म्हटलं तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. मग सहस्रकुंडचा धबधबा सांगायचा. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि दक्षिणेला थोडं गेलं की तेलंगण. एवढं झालं की लोक म्हणतात, "अच्छा, म्हणजे नांदेडजवळ." बरं, जवळच म्हणू या. भोकर, हिमायतनगर करत एसटीनं जाऊन बघा म्हणजे कळेल किती जवळ ते.

असो. विषय तो नाही.

पुतणी नांदेडला बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीला आली होती. मी हातपाय धुऊन चहाला टेकतोय तोवर ती लॅपटॉप घेऊन हजर.

"काका, हे बघा की. काय चुकूलालंय कळंनाच झालंय."

पायथॉनचा अगदी पहिला-दुसरा धडा. नावांची एक यादी दिलेली, जॉन, ॲलिस, बॉब, चार्ली वगैरे. त्यातून पाच अक्षरांपेक्षा मोठी नावं गाळून घ्यायची, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं आणि एकाखाली एक, सरळ रेषेत छापायची. जगात जिथं जिथं प्रोग्रॅमिंग शिकवतात तिथं हा धडा असतो. मीही केलाय, फक्त आमच्या वेळी तो सी मध्ये होता आणि अर्धा जीव स्ट्रिंगच्या शेवटी शून्य ठेवण्यात जायचा.

पोरीनं तो केलाही होता. पण जॉन आणि ॲलिसचा तिला कंटाळा आला, म्हणून तिनं आपल्या गल्लीतली नावं मराठीत टाकली. आणि सगळं बिघडलं. गणपत गळाला आणि ज्योती राहिली.

"ज्योतीत दोनच अक्षरं हायेत ना काका? गणपतमध्ये चार. मग?"

मला मनापासून बरं वाटलं. पुस्तकातलं उदाहरण तसंच्या तसं करून पुढं जाणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही. तिला वहीवर लिहून दाखवलं. कॉम्प्युटर ज्योती असा वाचतो: ज, मग पाय मोडल्याची खूण, मग य, मग ओ ची मात्रा, मग त, मग दीर्घ ई ची वेलांटी. झाले सहा. गणपत म्हणजे ग ण प त, चार. आपल्या डोळ्याला जे एक अक्षर दिसतं ते मशीनला दोन-तीन-चार तुकड्यांचं असतं. देवनागरीची ही मांडणी १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत आली, आणि तिचा पाया आपल्याच इस्की नावाच्या भारतीय मानकाचा. म्हणजे कुणा परदेशी माणसानं आपल्यावर लादलं अशी बोंब मारायलाही जागा नाही :-) इस्लापूर हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा, मशीनला आठांचा.

सरळ रेषेत छापायचं तेही त्याच कारणानं फसलं होतं. प्रत्येक नाव वीस जागांत बसव म्हटलं की पायथॉन मात्रा-वेलांट्याही मोजतो, मग श्रीनिवासच्या पुढं मोकळी जागा कमी पडते आणि कमलच्या पुढं जास्त. कॅपिटलचा तर प्रश्नच मिटला. आपल्याकडे सगळी अक्षरं एकाच उंचीची.

मग आम्हाला चेवच चढला. ज पासून सुरू होणारी नावं काढ म्हटलं, तर ज्ञानेश्वर आला. "ज्ञ कुठं ज मध्ये असतो काय? आमच्या हजेरीत तर शेवटी असायचा." बरोबर आहे. शाळेत ज्ञ शेवटी, पण मशीनला तो ज, पाय मोडलेला, आणि ञ. क्षीरसागर असाच क मध्ये जाऊन बसतो. मग कऱ्हाळे हे आडनाव तिनं टाकलं आणि मी माझ्या फोनवरून तेच पाठवलं. दोन्ही दिसायला सारखी, पण सारखी आहेत का विचारलं तर मशीन म्हणतं, नाही. एकात ऱ हे वेगळं अक्षर होतं, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्या पुढं न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला न दिसणाऱ्या अक्षरावरून दोन भावांची आडनावं वेगळी ठरू शकतात, हे तिला फारच आवडलं. एक भाऊ तिला नुकताच नको झालेला असावा.

सगळ्यात मजा आली ती 'वार'ची. आमच्याकडे तेलुगू वळणाची आडनावं पुष्कळ, पत्तेवार, गादेवार, बच्चेवार. पोरगी म्हणाली, वार नं संपणारी सगळी काढते. काढली. यादी एवढी लांबलचक आली की तिला वाटलं लूप अडकला. बघते तर त्यात निम्मे पवार! पवारमध्ये शेवटी वार आहेच की. म्हणजे अर्धा तांडा आम्ही एका ओळीत तेलुगू करून टाकला.

ही आडनावं इथं का आहेत त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तोवर इस्लापूर आदिलाबाद जिल्ह्यात होतं, बोथ तालुक्यात. पुनर्रचनेच्या कायद्यात 'इस्लापूर सर्कल' असा स्वतंत्र उल्लेख आहे: बोथ तालुक्यातलं तेवढं सर्कल, आणि किनवट नि राजुरा हे तालुके मुंबई राज्याला. राजुरा पुढं चंद्रपूरकडे गेला, आम्ही नांदेडकडे राहिलो. संसदेनं केलेल्या कायद्यात आपल्या गावाचं नाव असणं ही मिरवायची गोष्ट आहे, पण ऐकणारं कुणी भेटत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. त्याआधी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचं राज्य, कागद उर्दूत. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, त्यामुळं कागदावरचं नाव वाचणारा जसं म्हणेल तसं. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा, उर्दू, एवढ्या बोलींतली नावं एका गावात, आणि ती लिहिणारा कारकून दर पन्नास वर्षांनी वेगळ्या लिपीचा.

गंमत इथपर्यंत होती. मग पोरीनं पुढचा प्रश्न उघडला.

यादीत पूर्ण नावं आहेत, ती मोकळ्या जागेवर तोडायची, आणि 'आडनाव, नाव वडिलांचं नाव' अशी छापायची. ज्यांचे तीन भाग होत नाहीत त्या नोंदी 'चुकीच्या' म्हणून गाळायच्या.

वाचलं आणि चहा कडू लागला. हा धडा मी केलेला आहे. कॉलेजात नव्हे. खऱ्या यादीवर.

२००६ सालची गोष्ट. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी. तालुक्याला एक डीटीपीचं दुकान होतं, तिथं बसायचो. लग्नपत्रिका, अर्ज, कुणाचं सातबाराचं काहीतरी. एक दिवस दुकानदारानं एक एक्सेलची फाईल दिली. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांची मदतीसाठीची यादी, कुणीतरी हातानं लिहिलेली आणि दुसऱ्या कुणीतरी टाईप केलेली. ती नीट करून द्यायची होती. आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, तीन रकान्यांत, आडनावाच्या क्रमानं. ३३९ नावं. दुकानदार म्हणाला, हातानं कर, दोन दिवस लागतील.

मी म्हटलं, दोन दिवस कशाला? नवीन नवीन व्हिज्युअल बेसिक शिकलेलो. एक मॅक्रो लिहिला. अर्ध्या तासात काम फत्ते. दुकानदारानं पाठ थोपटली, आणि चहाबरोबर भजे मागवले. तोवर आयुष्यात माझ्या प्रोग्रॅमचे कुणी भजे खाऊ घातले नव्हते.

मॅक्रो असा होता: नाव मोकळ्या जागेवर तोड. तीन किंवा जास्त भाग झाले तर नीट मांडून नव्या पानावर टाक. कमी झाले तर ती ओळ वेगळ्या फाईलमध्ये टाक. 'किंवा जास्त' का, तर शेख मंडळींसाठी. आमच्याकडे शेख अमुक शेख तमुक असं चार शब्दांत लिहितात, आणि पुढं शेख असल्यावर मागचा शब्द आडनाव नसतो हे मला माहीत होतं, कारण शाळेत माझा बेंचवरचा दोस्तच शेख होता. ती अट मी मुद्दाम घातली आणि स्वतःवर खूश झालो. एक शब्दाचं नाव असलेलं माझ्या बेंचवर कुणी नव्हतं.

वेगळ्या फाईलमध्ये २२ ओळी गेल्या. ती फाईल मी उघडली होती, हे कबूल करायला पाहिजे. नोटपॅडमध्ये उघडली. आता ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांच्या लक्षात येईल. तेव्हा मराठी टाईप व्हायचं ते युनिकोडमध्ये नव्हे. फॉन्ट मराठी, पण आतली अक्षरं इंग्रजीच्याच जागांवर बसवलेली. एक्सेलमध्ये तो फॉन्ट लावलेला म्हणून मराठी दिसायचं. नोटपॅडमध्ये उघडलं की नुसता कचरा, कंस, डॉलर, उद्गारचिन्हं, टोप्या घातलेले ए आणि ओ. मी त्या २२ ओळी बघितल्या आणि म्हटलं, टाईप करताना काहीतरी घाण पडलेली दिसते. फाईल पुसून टाकली.

तो कचरा नव्हता. ती माणसं होती. फॉन्ट लावून बघायला दहा सेकंद लागली असती.

पुढचं मला कळलं ते दिवाळीत. आमच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला एक बाई यायची. गोंड. माझ्या लहानपणापासून. मी तिला मावशी म्हणायचो. तिचं नाव एकच शब्दाचं. त्या दिवाळीत ती आमच्या ओसरीवर बसून मायला सांगत होती की वस्तीतल्या सगळ्यांचं आलं, तिचं आणि आणखी काही बायांचं नाही आलं. हापिसात गेली तर म्हणाले, यादीत नाव नाही. ती म्हणाली, लिहून नेलं होतं, माझ्या समोर लिहिलं. ते म्हणाले, यादीत नाही तर नाही.

मी आत खोलीत होतो. कोणती यादी हे कळायला मला वेळ लागला नाही.

बाहेर येऊन काही बोललो का? नाही. एकोणीस-वीस वर्षांचा होतो, आणि गावात 'कॉम्प्युटर इंजिनिअर होऊलालाय' म्हणून नाव होतं. रात्री मायला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग एवढंच म्हणाली, "तिला एकच नाव हाय, बाबा. दुसरं कुठून आणंल?" दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन दुकानदाराला भेटलो. मूळ फाईल त्याच्याकडं होती. २२ नावं परत काढली, त्यातली दोन-चार तेलुगू वळणाची, एक अक्षर, टिंब आणि नाव अशी. बाकी सगळ्या बाया, एकेक शब्दाच्या. छापून हापिसात दिली. पुढच्या वेळी घेऊ म्हणाले. मावशीचं नाव पुढं कधीतरी लागलं म्हणे, पण त्या वर्षीचे पैसे गेले ते गेलेच. मायनं त्या दिवाळीला तिला किती दिले ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

तेव्हा मला वाटायचं, या लोकांना आडनाव नसतं त्याला मी काय करू. हेही खोटंच निघालं. गोंडांना कूळ असतं, आत्राम, मडावी, सिडाम, कितीतरी. कोण किती देवांचा, चार, पाच, सहा की सात, त्यावरून कुणाची सोयरीक कुणाशी जमते ते ठरतं. म्हणजे आपल्या आडनावापेक्षा जास्त काम करणारं आडनाव. मावशीला ते होतं. लिहिणाऱ्यानं विचारलं नाही आणि तिला सांगायचं कारण पडलं नाही. तिच्या नातवाला शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, तेव्हा ते कागदावर आलं. आता त्याचं नाव व्यवस्थित तीन शब्दांचं आहे.

पुढं २०१० साली पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या, तेव्हा जपानमध्ये राहणाऱ्या एका प्रोग्रॅमरनं चाळीस मुद्द्यांची एक यादी लिहिली, प्रोग्रॅमर लोक नावांबद्दल काय काय खोटं धरून चालतात याची. माणसाला एकच पूर्ण नाव असतं, नावात आडनाव असतंच, नावं बदलत नाहीत, असं करत करत चाळिसावा मुद्दा येतो की माणसांना नाव असतंच. ऑफिसात सगळे ती वाचून हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

आणि हे प्रकरण आमच्या वस्तीपुरतं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं ठरवलं की पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. दक्षिणेकडच्या कितीतरी लोकांची पंचाईत झाली. आपल्या राज्यानं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, ठरावीक तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव आता स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं चार भागांत लिहायचं. चांगला निर्णय आहे. पण माझा २००६ चा मॅक्रो आज चालवला तर या सगळ्या पोरांच्या बापाच्या रकान्यात आईचं नाव छापून येईल. आणि तसले मॅक्रो कुठं कुठं चालू असतील, देव जाणे. उलट्या बाजूचं उदाहरण २०२३ चं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला निजामकाळातल्या कागदांतून कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं लागली. त्याच्या राजकारणात मी शिरत नाही. मी एवढंच बघत होतो की नावापुढचा एक शब्द यादीत सापडतो की नाही, यावर घराघरात लोक श्वास धरून बसले होते. सापडला नाही म्हणजे नव्हताच असं नसतं, हे मी पैज लावून सांगतो.

तर पुतणीला हे सगळं सांगितलं. सगळं म्हणजे मावशीचंही. ती जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग काका, गाळायचंच नाही काय?"

गाळायचं की. पण गाळलेलं कुठं जातं ते ठेवायचं. आम्ही तिचा प्रोग्रॅम असा बदलला: बसलेली नावं एका यादीत, न बसलेली 'बाकी' नावाच्या दुसऱ्या यादीत. शेवटी दोन्हींची संख्या छापायची आणि दोघींची बेरीज मुळाइतकी झाली नाही तर प्रोग्रॅमनं थांबायचं. आणि 'बाकी' मधली नावंही छापायची, वाचता येतील अशी. प्रश्नात 'चुकीच्या नोंदी' म्हटलं होतं तिथं तिनं स्वतःहून 'विचारायच्या नोंदी' केलं. मास्तरांनी मार्क कापले तर काकाचं नाव सांग म्हटलं.

एवढ्यात माय आली. "काय करूलालाव रे दोघं मघाधरनं?" पोरीनं सांगितलं, नावं लिहूलालो. मग मायनंच एकेक नाव सांगायला सुरुवात केली, वस्तीवरच्या बायांची, असलेल्या, नसलेल्या. मावशीचंही सांगितलं. पोरगी टाईप करत गेली. चालवलं. बसलेली १४, बाकी ९.

"आजी, तुझं काय टाकू?"

मायला दोन नावं आहेत. एक लग्नात ठेवलेलं, जे आधारवर आहे, रेशनकार्डावर आहे, माझ्या सगळ्या कागदांवर आहे. दुसरं माहेरचं. ते तिच्या चौथीच्या दाखल्यावर आहे म्हणे, पण तो दाखला मी कधी पाहिलेला नाही. वारसाच्या एका कामात दोन्ही एकाच बाईची आहेत हे सांगायला मागं आम्हाला स्टँपपेपर करावा लागला होता.

"दोन्ही टाक," माय म्हणाली.

माहेरच्या नावापुढं आजोबांचं नाव आणि मामांचं आडनाव, सासरच्या नावापुढं आमचं. दोन्ही तीन-तीन शब्दांची. दोन्ही व्यवस्थित बसली, यादीत दोन वेगळ्या जागी. मायला स्क्रीनवर तिचं माहेरचं नाव दाखवलं. चष्मा नव्हता, तिनं पोरीकडून वाचून घेतलं. दोनदा.

रविवारी संध्याकाळी नांदेडहून ट्रॅव्हल्स धरली. सकाळी पुण्यात उतरतोय तोवर पुतणीचा मेसेज आलेला: "काका, बाकी सगळं झालं, पण ज्ञानेश्वर अजून ज मध्येच येऊलालाय."

बघतो म्हटलंय. अजून बघितलं नाही.